फोर्क म्हणजे काटा, पण केव्हा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आणि ‘फोर्क म्हणजे काटा’ हे मुलांकडून घोकून घेतले. गेल्या महिन्यात मात्र घरातल्या घरात माझीच पंचाईत झाली. मिहानमध्ये संगणकाच्या कंपनीत काम करणारा भाचा फोनवर कुणाला तरी ‘आम्ही तो प्रोजेक्ट फोर्क केला’ असे सांगत होता. बुद्धिबळाच्या क्लासहून आलेली नात ‘आज मी घोड्याने फोर्क लावला’ म्हणून नाचत होती. आणि तिची सायकल दुरुस्तीला टाकली तेव्हा दुकानदाराने चिठ्ठीवर ‘फोर्क बेंड’ असे लिहून दिले. जेवणाच्या टेबलावरचा हा काटा इतक्या ठिकाणी कसा पोहोचला, आणि या प्रत्येक ठिकाणी मराठीत काय म्हणावे, हे कृपया सांगावे.
(धरमपेठ, नागपूर)

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नातच एक लहानशी गफलत आहे, आणि बरेचसे उत्तर त्या गफलतीतच दडलेले आहे. फोर्क हा जेवणाच्या टेबलावरून बाहेर गेलेला शब्द नाही. तो बाहेरून टेबलावर आलेला आहे, आणि तोही पुष्कळ उशिरा. लॅटिन भाषेत ‘फुर्का’ म्हणजे गवताचे भारे उचलायचे, लांब दांड्याचे आणि दोन दात्यांचे शेतातले अवजार. त्याच आकाराचे लाकडी जोखड रोमन लोक अपराधी गुलामाच्या मानेवर चढवून त्याला गावभर फिरवीत, आणि अशा माणसाला ‘फुर्किफेर’, म्हणजे फुर्का वाहणारा, म्हणून हिणवीत. पुढे या शब्दाचा अर्थ सरळ ‘बदमाश’ असाच झाला. जुन्या इंग्रजीने लॅटिनमधून हा शब्द उचलला तो शेतातल्या अवजारासाठी. त्या काळी इंग्लंडात जेवणारा माणूस सुरी, चमचा आणि स्वतःची बोटे एवढ्यावर भागवीत असे.

ताटातला काटा युरोपात पूर्वेकडून, बायझंटाइन साम्राज्यातून इटलीत आला आणि तेथे शेकडो वर्षे रेंगाळला. इंग्रज वाचकांना त्याची रीतसर ओळख करून देणारा माणूस म्हणून टॉमस कॉर्यट या भटक्या प्रवाशाचे नाव घेतले जाते. १६०८ साली तो युरोपभर, बराचसा पायी, हिंडला आणि १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले की इटलीतील लोक मांस कापताना ते बोटांनी न धरता एका लहान काट्याने दाबून धरतात, कारण सगळ्यांची बोटे सारखीच स्वच्छ असतील असे त्यांना वाटत नाही. घरी परतल्यावरही तो काट्याने जेवू लागला, तेव्हा त्याच्या एका विद्वान मित्राने त्याला थट्टेने तीच जुनी रोमन शिवी बहाल केली : फुर्किफेर! हाच कॉर्यट पुढे इराणमार्गे चालत १६१५ साली अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचला आणि डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेस वारला. इंग्रजांना काट्याने जेवायला सांगणाऱ्या माणसाचे अखेरचे दिवस हाताने जेवणाऱ्यांच्या मुलखात गेले, ही गोष्ट मला नेहमीच मौजेची वाटत आली आहे.

आता मुख्य मुद्दा. एकाच वस्तूकडे दोन भाषा दोन टोकांकडून पाहतात. इंग्रजी माणसाची नजर फोर्कच्या त्या जागी जाते जिथे एका दांड्याचे दोन किंवा अधिक दाते होतात. त्याच्या दृष्टीने फोर्क म्हणजे ‘एकाचे अनेक होणे’. मराठी माणसाने तीच वस्तू पाहिली तेव्हा त्याला दिसले ते दात्याचे टोक. संस्कृतातील ‘कण्टक’ म्हणजे काटा, बाभळीचा असो की बोरीचा. ते टोचते, म्हणून हेही काटाच. म्हणजे इंग्रजी शब्द फुटण्याच्या जागेला चिकटला आणि मराठी शब्द टोकाला. यानंतर दोन्ही शब्द आपापल्या वाटेने जे फिरले ते कायमचे, आणि ताट ही त्यांची एकच भेटीची जागा उरली. शब्दकोशात ‘फोर्क : काटा’ असे लिहिलेले असते ते त्या एका भेटीपुरतेच खरे आहे.

आपल्या काट्याचा संसार पाहा. घड्याळाचा तासकाटा आणि मिनिटकाटा (नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘सुई’ही म्हणतात, आणि सुई म्हणजे पुन्हा टोकच), माशाचा काटा, भीतीने अंगावर उभा राहणारा काटा, वाटेतला काटा आणि तो दूर करणे म्हणजे ‘काटा काढणे’. तराजूच्या दांडीच्या मध्यावर असणारा दर्शक हाही काटाच, आणि त्याच्यावरून अख्ख्या तराजूला काटा म्हणू लागले. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यापारी किंवा कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी ‘काटा झाला काय?’ असे विचारतो तेव्हा तो वजन झाले का, असे विचारत असतो. मालट्रक मोजायचे प्रचंड यंत्र म्हणजे धर्मकाटा, वजनात मारलेली लबाडी म्हणजे काटामारी, आणि दोन्ही पारडी समतोल असावीत अशी निवडणूक म्हणजे काट्याची लढत. आता बहुतेक दुकानांत वजनाचे आकडे लाल दिव्यांत उमटतात, त्या यंत्रात हलणारे टोक औषधालाही नसते, तरी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक काटा’च म्हणतात, काटा गेला, नाव राहिले. यांपैकी एकाही ठिकाणी इंग्रज माणूस फोर्क म्हणणार नाही. घड्याळाच्या काट्याला तो हात म्हणतो, बाभळीच्या काट्याला वेगळे नाव देतो, माशाच्या काट्याला हाड म्हणतो.

उलट फुटण्याच्या जागेसाठी मराठीजवळ स्वतःचे शब्द आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. झाडाच्या दोन फांद्या जिथे फुटतात ती जागा म्हणजे बेचके किंवा दुबेळके. दोन बोटांमध्ये असते तीही बेचकीच. रस्ता फुटतो तेथे फाटा. शेतात काडीकचरा आणि कडबा ओढायचे दातेरी अवजार म्हणजे दाताळे. वीज आकाशात फुटते तेव्हा इंग्रजीत तिलाही फोर्क हे विशेषण लागते. आपण मात्र विजेच्या रेघा किंवा विजेचे फाटे म्हणून मोकळे होतो.

सापाच्या जिभेचेही तसेच. इंग्रजीत ती ‘फोर्क असलेली जीभ’, आणि अशा जिभेने बोलणारा माणूस म्हणजे खोटारडा. संस्कृतात हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आधीपासून आहेत : ‘द्विजिह्व’ म्हणजे साप आणि द्विजिह्व म्हणजे चहाडखोर. महाभारताच्या आदिपर्वात गरुडाने अमृताचा कुंभ दर्भावर ठेवला, इंद्राने तो पळवला, आणि हिरमुसलेल्या सापांनी अमृताचा अंश राहिला असेल या आशेने नुसते दर्भच चाटले तेव्हा त्यांच्या जिभा चिरल्या, अशी कथा आहे. प्राणिशास्त्र तिची उपयुक्तता अशी सांगते की जिभेच्या दोन टोकांनी दोन बाजूंचे गंधकण गोळा झाले म्हणजे भक्ष्य डावीकडे गेले की उजवीकडे हे सापाला कळते. मराठीत मात्र दुटप्पी किंवा दुतोंडी माणूस असतो, काटेरी जिभेचा नव्हे. काटेरी जीभ म्हटले तर ती टोचून बोलणाऱ्याची होईल आणि अर्थ पार बदलेल.

आपल्या तीन फोर्कांकडे वळू. सायकलचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या दोन नळ्यांना आपल्याकडचे जुने मिस्त्री ‘चिमटा’ म्हणतात. येथे इंग्रजीने फुटणे पाहिले आणि आपल्या मिस्त्रीने धरणे पाहिले. खड्ड्यात चाक आपटले की वाकतो तो चिमटा. ‘काटा वाकला’ असे म्हटले तर दुकानदार आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील.

बुद्धिबळाचा फोर्क समजायला पट डोळ्यांपुढे आणावा लागतो. पांढरा घोडा सी स्तंभाच्या सातव्या घरात जाऊन बसला, काळा राजा अजून ई-आठवर म्हणजे स्वतःच्या मूळ घरात आहे आणि काळा हत्ती ए-आठच्या कोपऱ्यात आहे, असे समजा. तेथून घोड्याची अडीच घरांची एक चाल राजावर पडते आणि दुसरी हत्तीवर. राजाला शह असल्यामुळे तो हलवावाच लागतो आणि हत्ती फुकट जातो. एका मोहऱ्याने दोन मोहऱ्यांवर एकाच वेळी मारा करणे हाच फोर्क. एका दांड्याचे दोन दाते, नेमके तेच चित्र. प्यादेसुद्धा हे करू शकते. घोड्याचा फोर्क विशेष घातक, कारण त्याच्या वाटेत काही आडवे घालून तो अडवता येत नाही. मराठीत ‘दुहेरी मारा’ असे म्हणता येईल, आणि एकट्याने खेळाचे वर्णन लिहीत असतो तर मी तसेच लिहिले असते. परंतु ज्या शहराने २०१९ साली ग्रँडमास्टर झालेला रौनक साधवानी आणि २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली दिव्या देशमुख असे दोन खेळाडू दिले, त्या शहरातील क्लासांमध्ये ‘फोर्क’ हाच शब्द रुळलेला आहे. नातीला तोच वापरू द्यावा. पटावरची मुले एकमेकांना समजतील असेच बोलणार.

भाच्याचा फोर्क जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण संगणकाच्या जगात तो एक नसून दोन आहेत. पहिला जुना आहे. मेल्विन कॉनवे या संगणकशास्त्रज्ञाने १९६३ साली एका निबंधात मांडलेली ही कल्पना पुढे युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत आली आणि आजही तिथे आहे. चालू असलेला एखादा प्रोग्रॅम ‘फोर्क’ अशी आज्ञा देतो, त्याबरोबर त्याचीच एक हुबेहूब प्रत जन्माला येते, आणि मूळ व प्रत असे दोघेही त्याच ओळीपासून पुढे चालू लागतात. मग कोण मूळ आणि कोण प्रत, हे त्यांना स्वतःला कसे कळते? त्याचीही सोय आहे : त्या आज्ञेचे उत्तर म्हणून मूळ प्रोग्रॅमच्या हाती अपत्याचा क्रमांक पडतो आणि अपत्याच्या हाती शून्य. आज्ञा एकदा दिली जाते आणि उत्तर दोनदा येते, असा हा विलक्षण प्रकार आहे. संगणकाची ही मंडळी मूळ प्रक्रियेला ‘पालक’ आणि प्रतीला ‘बालक’ म्हणतात, हेही लक्षात घेण्यासारखे.

भाचा बोलत होता तो दुसरा. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो, तो संपूर्ण उचलून, मूळ मंडळींपासून वेगळे होऊन, आपल्या मताप्रमाणे पुढे नेणे यालाही फोर्क म्हणतात. २००९ साली माहितीसाठे सांभाळणाऱ्या मायएसक्यूएल या आज्ञावलीपासून मारियाडीबी निघाले आणि २०१० साली कार्यालयीन लेखन-हिशेबाच्या ओपनऑफिसपासून लिब्रेऑफिस. मायएसक्यूएलच्या निर्मात्याने पहिल्या आज्ञावलीला ‘माय’ या थोरल्या मुलीचे नाव दिले होते आणि वेगळी वाट धरली तेव्हा नव्या आज्ञावलीला धाकट्या मारियाचे दिले, त्यामुळे तेथे फाटा अगदी घरातच फुटला असे म्हणायला हरकत नाही. या अर्थासाठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे : ‘वेगळी चूल मांडणे’. मला तो कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा सरस वाटतो. एक फरक मात्र भाच्याला जरूर विचारा. आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले की घराची, शेताची आणि भांड्यांची वाटणी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडे कमीच येते. येथे वेगळा होणारा भाऊ अख्खे घर बरोबर नेतो आणि मागे राहिलेल्याचेही अख्खे घर जागेवर राहते. भांडण होते ते घरावरून नव्हे, तर नावावरून आणि पाहुणे कोणाकडे जेवायला जातील यावरून.

आभासी चलनांच्या हिशेबवह्यांत होणारा फोर्क हा याचाच चुलतभाऊ. २०१६ च्या जूनमध्ये इथेरियम या चलनावर उभारलेल्या एका निधीतून मोठी रक्कम लांबवली गेली. बहुसंख्य लोकांनी जुलैत वही दुरुस्त करून ती चोरी पुसून टाकली. काहींनी मात्र लिहिलेले पुसायचे नाही असे म्हणत जुनीच वही पुढे चालवली आणि तिला ‘इथेरियम क्लासिक’ असे नाव पडले. तेव्हापर्यंतची पाने दोघांची सारखी, पुढची वेगळी.

प्रश्न : मी भाषांतराची कामे करतो. वाहनचालकांसाठी मराठीत आणलेल्या एका मार्गदर्शक प्रणालीचा मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडे आला होता. त्यात ‘पुढील काट्यावर डावीकडे राहा’ असे वाक्य किमान वीस ठिकाणी होते. मी ते बदलले, पण काम देणाऱ्यांनी ‘फोर्कसाठी आमच्या यादीत काटा हाच शब्द मंजूर आहे’ असे सांगून सगळे बदल परतवले. माझे काही चुकले काय?
(वर्धा मार्ग, नागपूर)

उत्तर : आपले काहीही चुकले नाही. चालकाने काट्यावर राहायचे ठरवलेच तर तो थेट धर्मकाट्यावर जाऊन गाडी मोजून घेईल. मंजूर शब्दांच्या याद्या उपयोगाच्या असतात, परंतु ज्या यादीत एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द असतो ती यादी नेमक्या अशा ठिकाणी दगा देते. ‘फाट्यावर डाव्या हाताचा रस्ता धरा’ हे वाक्य कोणत्याही चालकाला कळेल.

फाटा हा शब्द फाटण्यातून आलेला आहे, आणि फाटण्याचा अर्थ त्यात अजून जिवंत आहे. बुटीबोरीला हैदराबादच्या महामार्गापासून वर्धा, यवतमाळ, तुळजापूरकडे जाणारा रस्ता फुटतो, तेव्हा आपण रस्ता ‘फुटला’ असेच म्हणतो. विदर्भातल्या कुठल्याही आडवाटेवर एसटीतून उतरा : चहाची एक टपरी, पंक्चर काढणारा एक पोरगा, एक निंब, आणि पाटीवर तीन-चार किलोमीटर आत असलेल्या गावाचे नाव. गाव दिसतसुद्धा नाही, पण वाहक ‘फाटा आला, उतरा’ असे ओरडतो आणि उतारू उतरतात. नागपूर शहरात मात्र ही जागा ‘टी-पॉइंट’ या शब्दाने बळकावली आहे. हिंगणा टी-पॉइंट आहे, हिंगणा फाटा म्हणून कुणी विचारत नाही. तेथील रस्त्यांची रचना इंग्रजी टी अक्षरासारखी आहे हे खरे, पण अक्षर न वाचणाऱ्याला त्यातून काय बोध होणार, हा प्रश्न उरतोच.

याच शब्दापासून आलेले वाक्प्रचार आपण रोज वापरतो. मूळ विषय सोडून भलतेच काढणे म्हणजे ‘फाटे फोडणे’. एखादी गोष्ट टाळून पुढे जाणे म्हणजे तिला ‘फाटा देणे’, जसे ‘औपचारिकतेला फाटा देऊन सभा सुरू झाली’. (तरुणांच्या तोंडी असलेला तिसरा एक प्रयोग या सदराच्या सभ्यतेत बसत नसल्यामुळे त्यालाही मी फाटा देतो.) फाटा म्हणजे झाडाची फांदी असाही अर्थ आहे, ‘लाकूडफाटा’ या जोडशब्दात तो टिकून आहे.

भाषांतरकार म्हणून आपल्याला आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. अमेरिकेत नद्यांच्या नावांत फोर्क फार येतो : उत्तर फोर्क, दक्षिण फोर्क, मोंटाना राज्यात ‘थ्री फोर्क्स’ नावाचे गाव, नॉर्थ डकोटात ‘ग्रँड फोर्क्स’. थ्री फोर्क्सजवळ जेफरसन, मॅडिसन आणि गॅलाटिन अशा तीन नद्या एकत्र येऊन मिसुरी नदी होते. आपण त्या जागेला क्षणाचाही विचार न करता संगम म्हटले असते. कामठीच्या अंगाला पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात, तेथे आपण संगमच पाहतो आणि अंघोळ करून येतो. पाणी तेच, जागा तशीच, मग एकाला तेथे जुळणे आणि दुसऱ्याला फुटणे का दिसावे? याचे कारण बहुधा नदीकडे तोंड करून उभे राहण्याच्या दिशेत आहे. १८०५ साली लुइस आणि क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांची तुकडी मिसुरीच्या प्रवाहाविरुद्ध, होडीतून वर वर जात त्या जागी पोहोचली. खालून वर जाणाऱ्यासमोर नदी फुटत जाते आणि कोणत्या फाट्याने जायचे हा त्याचा खरा प्रश्न असतो. आपली दृष्टी पाण्याबरोबर उगमाकडून खाली येणारी आहे. तेव्हा अशा नावाचे भाषांतर करताना ‘फाटा’ म्हणावे की ‘संगम’ हे नकाशा पाहून ठरवावे. विशेषनाम असेल तर त्याला हातच लावू नये.

जाता जाता, आपल्या भागात राजकीय चर्चेत नेहमी कानावर पडणारा ‘बायफरकेशन’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. बाय म्हणजे दोन, आणि पुढे बसलेली तीच लॅटिन फुर्का. राज्याचे विभाजन व्हावे की न व्हावे यावर मतभेद असोत, पण शब्दापुरते बोलायचे तर दोन्ही बाजू एकाच काट्याने जेवत आहेत. फ्रेंचमध्ये चौकाला ‘कारफूर’ म्हणतात, त्यातही चार फुर्का आहेत.

प्रश्न : ‘फोर्क आउट’ म्हणजे पैसे देणे, हे कसे? आणि ‘मॉर्टनचा फोर्क’ म्हणजे काय?
(सक्करदरा, नागपूर)

उत्तर : फोर्क आउट म्हणजे नुसते देणे नव्हे, तर नाइलाजाने, जिवावर आल्यासारखे देणे, दाताळ्याने गवत उपसून बाहेर टाकावे तसे. मराठीत प्रसंग पाहून ‘पैसे मोजावे लागले’, ‘भुर्दंड बसला’ किंवा ‘पदरमोड करावी लागली’ असे म्हणावे. गंमत अशी की इंग्रजाच्या खिशात जिथे फोर्क जातो तिथे आपल्या खिशाला कात्री लागते.

मॉर्टन हा पंधराव्या शतकात इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याचा मुख्य मंत्री आणि आर्चबिशप. राजासाठी पैसा गोळा करताना त्याच्या नावावर पुढील युक्तिवाद सांगितला जातो : जो थाटात राहतो त्याच्याजवळ पैसा आहे हे उघड आहे, तेव्हा त्याने द्यावा, जो काटकसरीने राहतो त्याने नक्कीच साठवला असणार, तेव्हा त्यानेही द्यावा. दोन दाते, दोन्हींकडून टोचणी. ‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ ही आपली म्हण या फोर्काचे काम चोख करते.

प्रश्न : मी नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ट्यूनिंग फोर्कला ‘नादकाटा’ म्हटले आहे. तो टोचत नाही, त्याने काही खात नाहीत, मग काटा का? माझ्या आजोबांना ऐकू कमी येते म्हणून डॉक्टरांनी तसाच काटा त्यांच्या कानामागे लावला होता, तो कशासाठी?
(महाल, नागपूर)

उत्तर : तुझी शंका अगदी योग्य आहे. वर मी धरमपेठेतील बाईंना जे सांगितले, त्याला हा शब्द अपवाद आहे : येथे मराठीने टोकाकडे न पाहता इंग्रजीच्या मागोमाग जाऊन आकारावरून नाव ठेवले. तरीही ‘नादकाटा’ उच्चारायला सुटसुटीत आहे आणि एकदा हातात धरला की विसरत नाही, म्हणून मी त्याच्याविरुद्ध काही बोलणार नाही.

तो १७११ साली इंग्लंडच्या राजदरबारातील तुतारीवादक जॉन शोर याने केला. इंग्रजीत ‘पिच’ म्हणजे स्वराची उंची, आणि गवत उचलायच्या अवजाराला म्हणतात ‘पिचफोर्क’. शोरने आपल्या नव्या साधनाला विनोदाने पिचफोर्कच म्हटले. म्हणजे शेतातला फोर्क फिरून पुन्हा आला, या वेळी गाण्याच्या मैफलीत. आपल्या संगीतात गायकाचा सा त्याच्या गळ्याप्रमाणे काळी चार किंवा पांढरी दोन असा ठरतो आणि तंबोरा त्याला जुळवून घेतात, त्यामुळे सर्वांसाठी एकच स्वर ठरवून देणाऱ्या या साधनाची गरज आपल्या गवयांना भासली नाही.

दोनच दाते का, हे प्रयोगशाळेत स्वतः करून पाहा. नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपट आणि दांडी चिमटीत धरून दोऱ्याला टांगलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूजवळ ने. चेंडू टणकन उडेल. दोन्ही भुजा एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यांचे धक्के एकमेकांना छेद देतात, आणि म्हणून ज्या दांडीला तू धरले आहेस ती जवळजवळ स्थिर राहते व तुझ्या बोटांमुळे नाद विझत नाही. एकाच भुजेची पट्टी घेतलीस तर कंपने हातात येतील आणि आवाज लगेच मरेल. दांडीत अगदी बारीक वरखाली हालचाल उरते. ती टेबलावर टेकवलीस तर अख्खे टेबल गुणगुणू लागते.

डॉक्टर त्या बारीक हालचालीचाच उपयोग करतात. बहुधा सेकंदाला ५१२ कंपने करणारा नादकाटा वाजवून त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग भुजा कानासमोर धरतात आणि कोठे जास्त ऐकू आले असे विचारतात. निरोगी कानाला हवेतून जास्त ऐकू येते. हाडातून जास्त येत असेल तर कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात, मळापासून पडद्यापर्यंत, काही अडथळा आहे असे समजते. या तपासणीला रिन्ने या जर्मन डॉक्टरांचे नाव आहे. कपाळाच्या मधोमध दांडी टेकवून करतात ती वेबरची तपासणी. मधुमेही माणसाच्या पायाला संवेदना उरली आहे का, हे १२८ कंपनांचा काटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून पाहतात.

आजोबांच्या मनगटावर सेलवर चालणारे काट्यांचे घड्याळ असेल तर त्याला कान लावून बघ. त्यात क्वार्ट्झचा, नादकाट्याच्याच आकाराचा, भाताच्या शितापेक्षाही लहान असा एक तुकडा असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे, त्यामुळे तिला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. त्या तुकड्याची थरथर ऐकू येणार नाही, ती आपल्या कानांच्या आवाक्याबाहेरची आहे. ऐकू येते ती काट्याची टिकटिक.